पत्ता किरकटवाडीचा, अनुदान कुठलं?

*वाचकांचे प्रश्न : घरगुती उद्योग आणि सरकारी योजना. उत्तरं देणाऱ्या ताई एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं होत्या, त्यातली शेवटची ११ कर्ज विभागात. सध्या मुक्काम कोथरूड.*

प्रश्न : ताई, नमस्कार. मी किरकटवाडीत राहते. चार वर्षं घरी भाजणी करून विकते. महिन्याला साठेक किलो माल जातो, निम्मा आसपासच्या सोसायट्यांत, निम्मा सिंहगड रोडवरच्या दोन दुकानांत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे. आता गाळा घेऊन मोठं करायचंय, सहा लाखांचा प्रकल्प होतो. एक एजंट म्हणतो, पीएमईजीपीत महिलेला गावात ३५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार सरकार देतं. किरकटवाडी आता शहरात गेली, पण डोणज्यातल्या एका खोलीचा भाडेकरार तो करून देईल, म्हणजे ग्रामीण धरतील. त्याची फी प्रकल्पाच्या १० टक्के. करू का?
(एक वाचक, किरकटवाडी)

उत्तर : नका करू. आणि का ते नीट सांगते, नाहीतर माझं 'नका' दुसरा एजंट दारात येईपर्यंतच टिकेल.

हा माणूस अर्धं खरं बोलतोय, म्हणून जास्त भीती. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासूनचा. त्यात खुल्या गटातल्या पुरुषाला शहरात १५ आणि गावात २५ टक्के अनुदान. महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि गावात ३५. गाव कुठलं आणि शहर कुठलं, तर पंचायत असेल ते गाव, पालिका असेल ते शहर. २०२१ मध्ये जी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली त्यात किरकटवाडी आहे, नांदेड, खडकवासला, नऱ्हेही आहेत. धायरी तर त्याआधीच, २०१७ ला गेली. पाणी अजून टँकरने येत असेल, पण कागदावर तुम्ही शहरवासी. तुम्हाला २५ टक्के.

सहा लाखांवर ३५ आणि २५ मधला फरक साठ हजार रुपये. एजंटची फी १० टक्के, म्हणजेही साठ हजार. खोटी सही तुम्ही करायची, वरचे पैसे त्याने न्यायचे! जागेवर येऊन पडताळणी होते तेव्हा डोणज्याच्या त्या खोलीत भाजणीचा वाससुद्धा नसेल. मग अनुदान परत जातं आणि कर्ज तुमच्या नावावर राहतं. एजंटचा फोन तोपर्यंत बंद झालेला असतो.

दुसरं, 'सरकार २ लाख १० हजार देतं' हे ऐकून कुणालाही वाटतं की पैसे हातात येणार. तसे येत नाहीत. तुम्ही ५ टक्के घालायचे, बँक ९५ टक्के कर्ज देते. अनुदान त्याच शाखेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकवून ठेवतात. त्या ठेवीवर व्याज नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावरही व्याज नाही. तीन वर्षं उद्योग चालू राहिला, खातं नियमित राहिलं, की ती रक्कम कर्जात वळती होते. माझ्या टेबलासमोर बसून "मॅडम, सबसिडी आली का हो?" असं विचारणाऱ्या कित्येकांना वाटायचं की मीच ती ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

तिसरं, ही योजना नव्या उद्योगाला आहे. तुमचा चार वर्षं चालू आहे आणि उद्यम नोंदणीवर तारीख छापलेली आहे. तो प्रश्न निघणारच.

आता तुमच्या फायद्याचं. तुम्ही खाण्याचा पदार्थ करता, त्यामुळे २०२० मध्ये सुरू झालेली पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना, तुम्हाला जास्त जवळची. चालू उद्योगालाही मिळते. अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख, आणि त्यात गाव-शहर भेद नाही. खोटा पत्ता देऊन जे मिळवणार होतात ते खऱ्या पत्त्यावर मिळतं! स्वतःचे मात्र निदान १० टक्के घालावे लागतात. तीन वर्षांची अट इथेही आहे. आपल्याकडे ही योजना कृषी विभाग राबवतो. त्यांनी नेमलेले जिल्हा संसाधन व्यक्ती, नाव जड असलं तरी माणूस कामाचा, प्रकल्प अहवाल आणि बँकेचा अर्ज करायला मदत करतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही काही द्यायचं नाही. या योजनांच्या मुदती आर्थिक वर्षाला बांधलेल्या असतात, तेव्हा सध्या अर्ज घेताहेत ना, एवढं आधी कृषी कार्यालयात विचारून घ्या.

योजनेचं झालं. मला खरा घोर आहे तो तुमच्या सहा लाखांचा.

पत्रासोबत तुम्ही हिशेबाच्या वहीचं पान पाठवलंत, फार बरं केलंत. १० किलो धान्य-डाळी आणि धणे-जिऱ्याला ८०० रुपये. भाजून-दळून हातात सव्वानऊ किलो. म्हणजे किलोला ८० नाही, साडेशहाऐंशी. ही तूट तुम्ही धरली नव्हती. गॅस ८, दळण १०, पाकीट आणि लेबल ९. झाले साधारण ११४. विकता २०० ला. सोसायटीत ८६ सुटतात. दुकानदार २० टक्के कापतो, तिथे ४६ च. सरासरी किलोमागे ६६ धरू.

सहा लाखांच्या प्रकल्पात कर्ज ५ लाख ४० हजार. त्यातलं २ लाख १० हजारांचं अनुदान बाजूला ठेवलं तर ३ लाख ३० हजार फेडायचे. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण ७,२००. गाळ्याचं भाडं तुम्ही ६,००० लिहिलंय, मदतनीस ९,०००, वीज २,०००. महिन्याचे झाले २४,२००. भागिले ६६. जवळपास ३६७ किलो भाजणी विकली की तुम्ही शून्यावर. आज विकता साठ. उरलेली तीनशे किलो कोण खाणार, हे प्रकल्प अहवालात कुठेच नाही. अनुदान ३५ असो की ५० टक्के, भाजणी ते विकत नाही.

म्हणून असं करा. गाळा आत्ता नको. छोटा पल्वरायझर (दळायचं यंत्र), पाकिटं बंद करायचं मशीन, चांगला वजनकाटा आणि भाजायला मोठी कढई-शेगडी, एवढंच धरून अडीच लाखांत बसवा. तुमचे २५ हजार, अनुदान ८७,५००, फेडायचे १ लाख ३७ हजार ५००. हप्ता तीन हजारांच्या आत. तो फिटायला ४५-४६ किलो पुरतात, आणि साठ तर तुमचे आजच जातात. दळण घरी झालं की किलोमागचे ते दहा रुपयेही बरेचसे वाचतील. दीड-दोनशे किलोपर्यंत गेलात की गाळ्याचं बोलू.

मंजुरीपत्रावर सही करण्याआधी शाखेत एकच विचारा : हप्ता पूर्ण कर्जावर लावणार की अनुदानाचा भाग वगळून? दोन्हींत महिन्याला चांगलाच फरक पडतो. आणि तारण मागितलं तर नम्रपणे सांगा की सूक्ष्म उद्योगाच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आम्हा बँकवाल्यांना तो ठाऊक असतो. समोरच्यालाही ठाऊक आहे, हे कळलं की आमची आठवण सुधारते.

जाता जाता, उद्यम नोंदणीला तुम्ही अडीच हजार दिलेत असं लिहिलंय. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. गेले ते गेले.

प्रश्न : यूट्यूबवर बघून द्रोण-पत्रावळीचं मशीन घ्यायचं ठरवलंय. विकणारी कंपनी कच्चा माल देते आणि तयार माल परत विकत घेते, तसा करारही करते. मुद्रा कर्जाची फाइलही तेच करून देतात. यात धोका आहे का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : आहे. २०१४ च्या सुमारास मी वाघोलीला एका गाळ्यात पाहणीला गेले होते. मशीन होतं, अगदी कोरं. त्याच्या हँडलवर मालकाचे दोन शर्ट वाळत घातलेले. कंपनीने पहिल्या चार-पाच खेपा उचलल्या, मग 'क्वालिटी बसत नाही' म्हणू लागली, मग फोन उचलेना. करारात 'कंपनीच्या पसंतीस उतरल्यास' असे शब्द होते, ते वाचलेच नव्हते. तो माणूस वाईट नव्हता, आळशीही नव्हता. हप्ते त्याने रिक्षा चालवून फेडले.

माल परत घेणाऱ्याला तुमच्या मालात खरंच नफा दिसत असता तर त्याने दहा मशीनं स्वतःच लावली असती. त्याचा धंदा मशीन विकण्याचा आहे.

मुद्रात अनुदान नाही, निव्वळ कर्ज आहे, हेही लक्षात घ्या. ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. आणि कच्चा कागद कसला देणार ते आधी हातात घेऊन बघा. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी प्लेटांवर महाराष्ट्रात २०२२ पासून बंदी आहे. चकचकीत चंदेरी कागद असेल तर विषय तिथेच संपवा. ते ठीक निघालं तर मार्केट यार्डात आणि तुमच्या भागातल्या चार केटरर्सकडे जाऊन भाव विचारा. मशीन बघायला त्यानंतर जा.

प्रश्न : आमचं घराणं बुरूड कामाचं. वडील ५८ वर्षांचे, अजून सुपं, टोपल्या, परड्या विणतात. मी डिलिव्हरीचं काम करतो, लग्न झालेलं नाही. वडिलांनी २०२० मध्ये स्वनिधीतून (फेरीवाल्यांच्या कर्ज योजनेतून) दहा हजार घेतले होते, ते फेडले. विश्वकर्मा योजनेत आम्ही दोघं अर्ज करू शकतो का? लाखाचं कर्ज घ्यावं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : दोघांना नाही. पीएम विश्वकर्मा एका कुटुंबात एकालाच मिळते आणि नवरा, बायको, अविवाहित मुलं हे एक कुटुंब. अर्ज वडिलांचाच करा, विणणारे हात त्यांचे आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला योजना सुरू झाली. तिच्या १८ कामांत टोपल्या, चटया, झाडू करणारे आहेत. वयाची वरची मर्यादा नाही. स्वनिधी फेडलेलं असल्याने अडचण नाही. नोंदणी आधार आणि रेशन कार्ड घेऊन कॉमन सर्व्हिस सेंटरवर करायची, तीही फुकट.

पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण असतं, दिवसाला ५०० रुपये मिळतात. वडील म्हणतील, या वयात मला कोण शिकवणार. त्यांचं बरोबर आहे, तरी पाठवा. त्याशिवाय पुढचं सुटत नाही. हत्यारांसाठी १५ हजार मिळतात ते व्हाउचरने, रोख नाही. कोयता, सुरी, करवत ही त्यांच्या हाताला बसणारीच घ्या. तयार पेटीत काय येतं ते बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

कर्ज ५ टक्क्यांनी मिळतं, पहिलं एक लाखापर्यंत १८ महिन्यांसाठी, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी. इतकं स्वस्त दुसरीकडे मिळणार नाही. पण लाखाचा हप्ता पावणेसहा हजारांच्या आसपास येतो आणि तो दर महिन्याला येतो. तुमचं गिऱ्हाईक तसं येत नाही. गौरी-गणपतीला आणि लग्नसराईत ते येतं, रुखवताची सुपं-परड्या तेव्हाच जातात. आषाढातला हप्ता तुमच्या डिलिव्हरीच्या पगारातून जाणार असेल तर तसं घरात आधी बोलून घ्या. मी तुमच्या जागी असते तर पूर्ण लाख न घेता हंगामाआधी बांबू एकदम भरायला लागतील तेवढेच घेतले असते.

प्रश्न : पौडजवळ तीन एकर आहे. मधमाश्या पाळायच्या आहेत. सुरुवात कुठून?
(एक वाचक, मुळशी)

उत्तर : गणेशखिंड रोडवरून. खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संस्था १९६२ पासून तिथे आहे. लोक बाहेरगावाहून शिकायला येतात आणि आपण पुणेकर रोज तिच्यावरून गाडी पळवतो. आधी तिथे प्रशिक्षण घ्या. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, त्यात निम्मं अनुदान, निम्मे पैसे तुमचे. जमलं तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला एक चक्कर मारा. २०२२ मध्ये ते 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या एखाद्या घरात बसून अडचणी विचारा, फायदे तर कुणीही सांगेल. आणि पेट्या आणण्याआधी बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांकडे जाऊन या. ते कशाची फवारणी करतात, कुठल्या महिन्यात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, ते विचारून वहीत लिहून ठेवा.