राजीनामा यायच्या आधीचं बोलणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा जणांची टीम, सहा महिन्यांत तिघं सोडून गेले, म्हणून सगळ्यांचे पगार वाढवले, तरी परवा चौथ्याने राजीनामा दिला आणि तो तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. त्याला काउंटर ऑफर (राजीनामा मागे घ्यावा म्हणून दिलेला वाढीव पगाराचा किंवा तसा प्रस्ताव) द्यावी का, आणि उरलेल्या आठ जणांना कसं टिकवावं?

काउंटर ऑफर देऊ नका, निदान नुसत्या पैशांची तर नकोच. राजीनामा हातात पडल्यावर जी रक्कम निघते ती आधीही देता आली असती, हे त्याला लगेच कळतं. आणि अशा गोष्टी लपून राहत नाहीत. उरलेले आठ जण त्यातून एवढंच शिकतात की इथे वाढ हवी असेल तर आधी राजीनामा टाकावा लागतो.

म्हणजे पगाराने काही होत नाही, असं मात्र नाही. तसं म्हणणारे बहुतेक स्वतः चांगल्या पगारावर असतात. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली जेमतेम १४,००० माणसं कामावर टिकवायला वर्षभरात ५२,००० पेक्षा जास्त जणांची भरती करावी लागली होती. असेंब्ली लाइनवरच्या त्याच त्या कामाला कंटाळून माणसं निघून जायची. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट मजुरी जाहीर केली आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. त्याला अटी होत्या, पण गळती झपाट्याने कमी झाली. तेव्हा पगार बाजारात चालतो त्यापेक्षा कमी असेल तर आधी तो नीट करा, बाकीचं बोलणं नंतर.

तुम्ही मात्र ते केलंय, आणि तरीही माणसं जातायत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून १९५९ मध्ये जे मांडलं ते इथे कामाला येतं. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. पण त्या सुधारल्याने फक्त नाराजी जाते, कामात जीव ओतावासा वाटत नाही. तो वाटतो काम स्वतः तडीस नेल्याने, त्याची कोणी दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने. या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, मग उत्तरं तशीच येणार. आक्षेपात तथ्य आहे. तरी एवढ्या वर्षांत मी जे पाहिलं ते बरंचसं हर्झबर्गच्या बाजूचं आहे.

माझ्याकडे देखभाल विभागात एक तंत्रज्ञ होता. कमी बोलणारा, मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे ओळखणारा. त्याने राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं, मीही खोदून विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्याने किल्ल्यांबरोबर एक वही दिली, कडा तेलाने काळ्या पडलेली. प्रत्येक मशीनचं एक पान. कुठला बोल्ट कितपत आवळायचा, कुठलं सील लवकर जातं, सगळं बारीक अक्षरात. मागच्या पानांवर एक यादी होती: ‘सुट्या भागांचं कपाट शॉपफ्लोअरवर हलवणे’, ‘रात्रपाळीला दुसरा माणूस’, ‘नव्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोन तास’. प्रत्येकापुढे तारीख आणि ‘साहेबांना सांगितलं’. कपाटापुढे तशा तीन तारखा होत्या. तिन्ही वेळा मी ‘बघतो’ म्हणालो होतो, हे मला ती पानं वाचताना आठवलं. कपाट हलवायला अर्धा दिवस पुरला असता. त्याला मी पगार कमी दिला नव्हता. त्याचं म्हणणं माझ्यापाशी येऊन विरत होतं, आणि वर्षभर तो ते लिहून ठेवत होता.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. जाणाऱ्या माणसाची एक्झिट मुलाखत आपण घेतो, तेच प्रश्न कामावर असलेल्याला विचारायचे. वर्षातून दोनदा, एकेकट्याला, पगारवाढीच्या मोसमापासून लांब. गेल्या महिन्यात घरी जाताना कधी चिडचिड झाली? तुमचं कोणतं काम वाया गेलं असं वाटतं? मी काय बंद करावं? पहिल्या वेळी बहुतेक जण ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात, ते मनावर घेऊ नका. दुसऱ्या वेळी खरं बोलतात, पण एका अटीवर: पहिल्या वेळी चुकून निघालेली एखादी छोटी गोष्ट तुम्ही पंधरा दिवसांत केलेली असली पाहिजे. जे जमणार नाही त्याला स्पष्ट ‘नाही’ म्हणा, कारणासकट. ‘नाही’ माणसं पचवतात. ‘बघतो’ साचत जातं.

दखल घेण्याबद्दल थोडंसंच सांगतो. ‘छान काम’ हे शब्द लोक चार वेळा ऐकून विसरतात. नेमकं काय केलं आणि त्याने काय वाचलं ते सांगा, आणि वरच्यांपुढे काम मांडताना ज्याने केलं त्याचं नाव घ्या. जमलं तर त्यालाच मांडू द्या.

आता तुमचा चौथा माणूस. तो नोटीस पीरियडमध्ये आहे तोवर त्याच्यासोबत तासभर बसा. थांब म्हणून गळ घालू नका. एवढंच विचारा: उरलेल्या आठ जणांना दिलेल्या कुठल्या शब्दांचा मला विसर पडलाय? त्याला ते माहीत असणार, कारण ती माणसं तुमच्याआधी त्याच्यापाशी बोलली आहेत. कोण काय बोललं ते विचारू नका. गोष्टी लिहून घ्या, आणि त्यातली एक तरी तो जायच्या आधी पूर्ण करा, त्याच्या आणि बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत.