काउंटी म्हणजे जिल्हा की तालुका?

प्रश्न : भाऊसाहेब, माझी लेक आणि जावई अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टूम्स काउंटीत राहायला गेलेत. जावईबापू नदीपलीकडच्या अणुवीज केंद्रात कामाला आहेत. लेक म्हणते, "आबा, इथंही कांदाच आहे, पण कलेक्टर नाही." मग कारभार बघतं कोण? आणि काउंटीला जिल्हा म्हणायचं की तालुका?
– एक कांदा उत्पादक, ता. निफाड

उत्तर : माझी उभी हयात महसूल खात्यात गेली, म्हणून संपादकांनी तुमचं पत्र माझ्याकडे धाडलं असावं. आकारानं तालुकाच धरा. टूम्स काउंटी हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, आणि २०२० च्या जनगणनेत तिथं माणसं भरली जेमतेम २७ हजार. आपल्या नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, २०११ सालीच ६१ लाख लोक. एकट्या जॉर्जियात अशा १५९ काउंट्या आहेत.

अधिकाराचं मात्र आपल्या कशाशीच जुळत नाही. वरून नेमून आलेला कलेक्टर नाही, हे लेकीचं म्हणणं खरं. रस्ते, बजेट बघायला निवडून आलेलं कमिशनर मंडळ असतं. पण काउंटीचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ, करवसुली करणारा टॅक्स कमिशनर, मृत्युपत्रं आणि लग्नाचे परवाने बघणारा प्रोबेट जज, खरेदीखतं नोंदवून घेणारा कोर्टाचा क्लार्क हे चौघंही चार वर्षांसाठी थेट लोकांतून निवडून येतात. कमिशनर मंडळ त्यांची बदली करू शकत नाही. वारसाच्या नोंदीसाठी ताटकळणारी माणसं मी टेबलापलीकडून पाहिलीत, त्यामुळे प्रोबेट जजला मतांची काळजी असते हे मला आवडलं. शेरीफचं मात्र पचनी पडत नाही. ज्याच्याकडे मत मागायचं त्यालाच उद्या बेड्या घालायच्या!

आता कांदा. १९३१ साली मोझेस कोलमन नावाच्या शेतकऱ्याच्या कांद्याला तिखटपणाच आला नाही. तिथली वाळूसर जमीन, तिच्यात गंधक कमी. साखर काही जास्त नसते, झणका कमी म्हणून गोड लागतो. व्हिडेलिया हे या काउंटीतलं मोठं गाव, तेच नाव कांद्याला पडलं. १९८६ मध्ये राज्यानं कायदाच केला : ठरावीक १३ काउंट्या आणि आणखी ७ काउंट्यांचा काही भाग, एवढ्याच हद्दीतल्या कांद्याला ते नाव लावायचं. दरवर्षी अमुक तारखेच्या आधी त्या नावानं माल भरायचा नाही, हे राज्याचा कृषी कमिशनर ठरवतो. तोही निवडून आलेला! लावणी, काढणी आपल्यासारखी हातानंच. मजूर बरेचसे मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर येतात. लिलावाचं म्हणाल तर मोठे बागायतदार आपल्याच पॅकिंग शेडमधून सुपरमार्केटला माल देतात. आपल्या उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकायचा नाही. पाणी फार.

काउंटीचं कोर्ट लायन्स गावात आहे, व्हिडेलियात नाही. लेकीला कागदपत्रांसाठी तिकडे जावं लागेल. नातवंडं शाळेच्या वयाची असतील तर आणखी एक : व्हिडेलिया शहराच्या सरकारी शाळा वेगळ्या, काउंटीच्या वेगळ्या, दोन्हींची मंडळंही निराळी. घर भाड्यानं घेण्याआधी ते कोणत्या हद्दीत येतं, एवढं जावईबापूंना विचारून घ्यायला सांगा.