प्रश्न तुमचे : गणिताची पदवी झाली, आता कुठली वाट धरू?

प्रश्न : मी गणितात पदवी घेतली. नोकरीच्या जाहिरातींत 'गणितज्ञ हवा' असं कुठेच दिसत नाही. शिकवण्याखेरीज या पदवीचा उपयोग काय?

जाहिरातीतलं पदाचं नाव सोडा, खाली कामाचं वर्णन दिलेलं असतं ते वाचा. रिस्क ॲनालिस्ट, बायोस्टॅटिस्टिशियन, ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्ट, क्वांट (वित्तबाजाराचे गणिती हिशेब मांडणारा) अशा नावांआड गणितच बसलेलं असतं. कोणतं विमान आणि कोणते कर्मचारी कोणत्या फेरीला लावायचे, हा विमानकंपनीचा रोजचा प्रश्न. तो सोडवण्याच्या रीतींचं मूळ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये शोधलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीपर्यंत, म्हणजे मर्यादित साधनांची सर्वांत फायदेशीर वाटणी काढण्याच्या रीतीपर्यंत जातं. सीटी स्कॅनचं यंत्र क्ष-किरणांच्या मोजमापांवरून शरीराच्या आतलं चित्र उभं करतं. त्यामागचं गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडून ठेवलं होतं, तेव्हा असं यंत्र कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पण नुसत्या गणितावर या नोकऱ्या सहसा मिळत नाहीत. सोबत एक जोडविषय लागतो : प्रोग्रामिंग, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र. चार विषयांना हात लावून सोडण्यापेक्षा एकच घ्या आणि त्यात एखादं काम शेवटपर्यंत करून दाखवा.

प्रश्न : मला बीजगणित आणि संख्यासिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास) आवडतो, संख्याशास्त्र नव्हे. सिद्धता लिहिताना तहानभूक हरपते. सगळे म्हणतात डेटा सायन्स कर, पण त्यात मन रमत नाही.

मन रमत नसेल तर केवळ सगळे म्हणतात म्हणून तिकडे जाऊ नका. तुमच्या आवडीला साजेशी कामं आहेत, फक्त त्यांचा गाजावाजा कमी होतो.

पहिलं क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त राखण्याचं शास्त्र. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची १९७७ ची आरएसए पद्धत उभी आहे ती एका साध्या गोष्टीवर : दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार चटकन होतो, पण त्या गुणाकारावरून त्या दोन संख्या परत शोधणं अतिशय अवघड. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम झपाट्यानं करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. म्हणून आता क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या नव्या कुलपांची जुळवाजुळव चालली आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं अशा पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यांतली दोन लॅटिसच्या, म्हणजे ठरावीक अंतरांवर मांडलेल्या बिंदूंच्या जाळीच्या गणितावर आधारलेली आहेत. जुन्या प्रणाली बदलून नव्या बसवायला पुष्कळ वर्षं लागतील आणि त्यासाठी हे गणित समजणारी माणसं लागतील.

दुसरं क्षेत्र फॉर्मल व्हेरिफिकेशनचं. चिप किंवा प्रोग्राम नेमका ठरल्याप्रमाणेच वागतो, हे तिथं तर्कानं सिद्ध करतात. सिद्धता तपासणारी लीन नावाची संगणकप्रणाली मोफत मिळते. पदवीच्या पुस्तकातलं एखादं प्रमेय तिच्यात लिहून बघा. 'हे उघडच आहे' म्हणून आपण जी पायरी गाळतो, ती ही प्रणाली गाळू देत नाही. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं.

तिसरी वाट संशोधनाची. तिथं कायमच्या जागा थोड्या आणि इच्छुक बरेच. पीएचडीनंतरही काही वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर, कधी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन काढावी लागतात. आधी एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली छोटा प्रकल्प करा. काही आठवडे उत्तर सापडलं नाही तरी पुन्हा त्याच कागदाकडे वळावंसं वाटलं, तर पुढे जायला हरकत नाही.

प्रश्न : ॲक्चुअरीचं काम नेमकं काय असतं? परीक्षा फार कठीण असतात का?

पुढे कधीतरी द्याव्या लागणाऱ्या पैशांसाठी आज किती रक्कम बाजूला ठेवायची, हे ठरवण्याचं काम. एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता केला आणि वार्षिकीची (दरवर्षी ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेची) किंमत काढली. आजच्या विमा आणि पेन्शनच्या हिशेबामागे तोच विचार आहे.

परीक्षा कठीण आहेत. बहुतेक जण नोकरी करता करता कित्येक वर्षं त्या देत राहतात. सुरुवातीचे पेपर संभाव्यता, संख्याशास्त्र आणि व्याजाच्या गणिताचे असतात, म्हणजे तुमची निम्मी तयारी झालेलीच आहे. त्यांतला एखादा देऊन बघा, मग ठरवा.

प्रश्न : मुलाला पदवीला बेताचेच गुण पडले. आता त्याचं कसं होणार?

पुढच्या प्रवेशासाठी गुण आडवे येतील, हे खरं. नोकरीत मात्र बऱ्याच ठिकाणी चाचणी घेतात आणि केलेलं काम बघतात. गुण कुठं गेले ते त्याच्यासोबत बसून पाहा. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता कच्ची राहिली असेल तर हे दोन विषय पुन्हा पहिल्यापासून करू द्या, कारण पुढच्या बहुतेक वाटा त्यांच्यावरूनच जातात. तो हे करत असताना शेजारपाजारच्यांचे दाखले देऊ नका, एवढी विनंती.

प्रश्न : मला शिकवायला आवडतं. पण 'काही जमलं नाही म्हणून शिक्षक झाली' असं लोक म्हणतील.

म्हणू द्या. शिक्षकाला गणित इतरांहून खोल समजावं लागतं, कारण मुलाचं उत्तर चुकलं की ते कोणत्या विचारानं चुकलं हे त्याला ओळखावं लागतं. अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घ्या. प्रवेश मिळेपर्यंत दोन-तीन मुलांना अपूर्णांक शिकवायला घ्या आणि त्यांच्या चुका वहीत टिपून ठेवा.