कायद्याचा सल्ला : दाव्यात कोणाला घ्यायचं?

प्रश्न : शिवारात जाणारी पूर्वापार पाणंद शेजाऱ्याने बांध घालून बंद केली. 42 खातेदारांची वहिवाट अडली आहे, पण कोर्टात जायला आम्ही दोघेच तयार आहोत. सगळ्यांच्या सह्या लागतील का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : सह्या लागत नाहीत, संमतीही लागत नाही. लागते ती कोर्टाची परवानगी.

आधी तारीख बघा. बांध घालून सहा महिने व्हायचे असतील, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जा. काम लवकर होतं आणि खर्च कमी. सहा महिने उलटले असतील तर दिवाणी दावा, आणि तोही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 नियम 8 प्रमाणे प्रातिनिधिक, म्हणजे काहींनी सगळ्यांच्या वतीने लावलेला.

दावापत्राच्या शीर्षकातच ‘स्वतःकरिता व पाणंदीची वहिवाट असणाऱ्या इतर खातेदारांकरिता’ असं लिहा. सोबत परवानगीचा वेगळा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र आणि 42 जणांची गट नंबरांसह यादी. कोर्टाने परवानगी दिली की त्या सगळ्यांना नोटीस काढायची. एवढेच लोक असतील तर बेलिफामार्फत एकेकाला बजावता येते. संख्या मोठी असेल तर कोर्ट वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला परवानगी देतं. खर्च वादीचाच. नोटिशीत दावा कशाचा आणि मागणी काय, हे स्पष्ट हवं. ‘संबंधितांनी हजर राहावे’ एवढीच ओळ छापून आणणारे असतात, आणि पुढे अपिलात विरुद्ध बाजूचा वकील नेमकं तेच कात्रण काढतो.

नोटिशीचा हा सोपस्कार चुकला, तर हुकूमनामा फक्त रेकॉर्डवरच्या दोघांपुरता उरतो. तो नीट झाला, तर निकाल 42 जणांवर बंधनकारक. दावा हरलात तरीही. म्हणूनच नोटीस मिळालेल्या कोणालाही पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो. बांध घालणाऱ्याच्या बाजूचे दोन-चार खातेदार असतील तर त्यांना ‘आपले’ म्हणून यादीत धरू नका, प्रतिवादी करा. नियमातला कळीचा शब्द ‘समान हितसंबंध’ आहे. दाव्याचं कारण प्रत्येकाचं एकच हवं असं मात्र नाही. 1976 च्या दुरुस्तीने तसं स्पष्टीकरणच जोडलं, आणि तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या गाळेधारकांच्या 1990 मधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं : जादा किमतीच्या मागणीच्या नोटिसा प्रत्येकाला वेगळ्या, तरी दावा एक चालला. तरीही प्रत्येकाच्या उसाच्या नुकसानीची भरपाई याच दाव्यात कोंबू नका. ती ज्याची त्याला सिद्ध करावी लागते, आणि त्यात पाणंदीचा मुद्दा मागे पडतो.

वादी दोनच ठेवण्यापेक्षा तीन-चार ठेवलेले बरे. एखादा थकला किंवा वारला तरी बाकीचे दावा चालवतात. आणि शेजाऱ्याने मध्येच हात पुढे केला, तर परस्पर तडजोडपत्रावर सह्या करू नका. आदेश 23 नियम 3-ब प्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय झालेली तडजोड निरर्थक ठरते.

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात बहिणीची मुलं घ्यायची राहिली. बहीण दावा लावण्याआधीच वारली होती. साक्षीपुरावा सुरू झाला आहे. दावा जाईल का? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : तसाच पुढे रेटलात तर जाऊ शकतो. जादा माणूस घेतला म्हणून दावा पडत नाही. आदेश 1 च्या नियम 10(2) खाली कोर्ट ते नाव कमी करतं. पण आवश्यक पक्षकारच (ज्याच्याशिवाय निकाल देता येत नाही असा) नसेल तर नियम 9 च्या परंतुकामुळे, म्हणजे त्यातल्या अपवादामुळे, ही सवलत मिळत नाही, आणि वाटपात प्रत्येक सहहिस्सेदार आवश्यक असतो. घोळ बहुधा सातबारा बघून पक्षकार ठरवल्यामुळे होतो. मुलींची नावं फेरफाराला लागलेली नसतात, म्हणून त्या वारस नाहीत असं होत नाही. आधी वंशावळ मांडायची, मग शीर्षक लिहायचं.

आता नियम 10(2) चा अर्ज द्या. तो कोणत्याही टप्प्यावर चालतो. भाच्यांना वादी करायचं तर त्यांची संमती हवी. ती नसेल तर सरळ प्रतिवादी करा. वाटपात प्रतिवादीलाही आपला हिस्सा मागता येतो, त्यामुळे त्यांचं नुकसान नाही. एखादा अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर त्याच्यासाठी पालक नेमून घ्या. मग दुरुस्त दावापत्र आणि नवं समन्स. मुदत कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नव्या पक्षकारापुरता दावा तो सामील झाला त्या दिवशी दाखल झाला असं धरतात. चूक प्रामाणिक होती असं पटलं तर कोर्ट आधीची तारीख धरू शकतं, म्हणून अर्जात नाव का राहिलं ते लिहाच.

आदेश 22 ची वारस लावण्याची 90 दिवसांची मुदत इथे लागू नाही. ती दावा चालू असताना पक्षकार वारला तर.

प्रश्न : साठेखतावरून खरेदीखत करून मिळण्याचा दावा लावला आहे. विकणाऱ्याचा भाऊ ‘जमीन माझीच’ म्हणत दाव्यात घुसू पाहतोय. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : विरोध करा. कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमल (2005) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कराराशी संबंध नसलेला, स्वतंत्र मालकी सांगणारा माणूस अशा दाव्यात आवश्यक पक्षकार नाही. नाहीतर कराराचा दावा मालकीचा होऊन बसेल. त्याने स्वतःचा दावा लावावा. मात्र तुमच्या साठेखतानंतर भावाने तीच जमीन खरेदी घेतली असेल तर उलटं : त्याला तुम्हीच प्रतिवादी करा.