कारखाना व्हिएतनामला चालला, राजीनामा मी का देऊ?

प्रश्न : नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे स्विच बनवणाऱ्या कारखान्यात मी 14 वर्षं 8 महिने ऑपरेटर आहे. गेल्या वर्षी हुद्दा ‘टीम लीडर’ केला, काम तेच राहिलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 रुपये. ईएसआय (कामगार विमा) कापला जातो. कायम कामगार 180, ठेकेदाराचे दीडशे. आता उत्पादन व्हिएतनामला नेणार म्हणतात. दोन लाइन लगेच बंद, पॅकिंग आणि डिस्पॅच वर्षअखेरपर्यंत चालू. एचआरवाले एकेकाला केबिनमध्ये बोलावून छापील राजीनामा पुढे करतात. आठवड्यात सही केली तर तीन महिन्यांचा पगार, वर ग्रॅच्युइटी आणि पीएफ. नाहीतर कोर्टात जा म्हणतात. अमेरिकेत कारखाना बाहेरच्या देशात गेला की सरकार कामगारांना मदत करतं, असं ऐकलं. आपल्याकडे तसं काही आहे का? आणि सही केली नाही तर कामावर जाऊ की नको?

उत्तर : आधी सही करू नका, मग पुढचं वाचा.

अमेरिकेबद्दल तुम्ही ऐकलं ते खरं होतं. तिथे 1974 च्या व्यापार कायद्याखाली अशी योजना होती. आयातीमुळे किंवा उत्पादन परदेशी गेल्यामुळे काम गेलं, असं सिद्ध झालं की नवं प्रशिक्षण, ते चालू असेपर्यंत निर्वाहापुरते पैसे आणि दुसऱ्या गावी नोकरी लागली तर बिऱ्हाड हलवायचा खर्च मिळायचा. तिची मुदत वाढवली गेली नाही आणि 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं.

आपल्या कायद्यात तशी योजना नाही. तुमचं मशीन व्हिएतनामला गेलं की वाळूजला, याच्याशी आपल्या कायद्याला कर्तव्य नाही. तो एवढंच विचारतो : तुम्ही स्वतः गेलात की तुम्हाला काढलं? सरकारी मदत काय आणि कंपनीकडून मिळणारी भरपाई काय, दोन्ही या एका उत्तरावर टांगलेल्या आहेत. म्हणून तर केबिनमध्ये छापील राजीनामा तयार आहे.

सरकारी मदत तुमच्या पगारपत्रकातल्या त्या ईएसआय कपातीतच आहे. कामगार विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. कारखाना बंद झाल्यामुळे किंवा कामगारकपातीत नोकरी गेली, तर पहिले 12 महिने सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मा आणि पुढचे 12 महिने पाव भत्ता मिळतो. त्या काळात तुमचा आणि कुटुंबाचा दवाखानाही चालू राहतो. घरात कुणाचं औषधपाणी सुरू असेल तर हा भाग भत्त्याहून मोलाचा ठरतो. ईएसआयची कपात 14 वर्षं सलग असेल तर पात्रतेची चिंता करू नका. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना वेगळी आहे : आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवस, निम्म्या मजुरीइतकी रक्कम. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, आणि तुमच्यासाठी पहिली सरस. पण दोन्हींत एक अट सारखी आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला काहीही मिळत नाही. कंपनी महामंडळाच्या पोर्टलवर दर महिन्याचा भरणा करते, त्यात माणूस का कमी झाला याचं कारण भरावं लागतं. तिथे ‘नोकरी सोडली’ असं एकदा चढलं की शाखा कार्यालयाच्या खिडकीवर तुम्ही कितीही समजावलंत तरी समोरचा माणूस स्क्रीनकडेच बोट दाखवणार.

आता कंपनीकडून काय येणं आहे ते पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. हा बदल तुमच्या मुळावर आलेला आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या कायद्यात 100 कामगारांच्या कारखान्याला टाळं लावण्याआधी सरकारची परवानगी लागायची. आता ती अट 300 पासून पुढे. 180 च्या हिशेबाने तुमच्या मालकाला परवानगी नको. ठेकेदाराचे दीडशे मिळवले की 330 होतात, पण नुसत्या बेरजेने काम भागत नाही. ती माणसं तुमच्याच लाइनवर, तुमच्याच सुपरवायझरच्या हुकमाखाली राबतात आणि ठेका नावापुरताच आहे, हे पुराव्याने दाखवावं लागेल. एकट्यादुकट्याच्या अर्जाने हे होणार नाही, युनियनने उचलायचा मुद्दा आहे. युनियन गप्प असेल तर का गप्प आहे, ते आधी विचारा.

परवानगी नको म्हणजे पैसे नकोत असं नाही. 50 किंवा जास्त कामगार असले की बंद करण्याआधी 60 दिवसांची नोटीस सरकारला द्यावीच लागते. आणि नोकरीच्या दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई. सहा महिन्यांहून जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 15 वर्षं. नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवासभत्ता पगारात धरत नाहीत, म्हणून मी 15,600 वरच मोजतो : पंधरा दिवसांचे 7,800, गुणिले 15, म्हणजे 1,17,000 रुपये. तुम्हाला महिन्याची नोटीस दिली नाही तर तो पगार वेगळा. कंपनी देऊ करते त्या तीन महिन्यांचे होतात 46,800.

तीन महिन्यांचा हा आकडा कुठून आला असेल? मालकाच्या हाताबाहेरच्या, अटळ कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची कमाल मर्यादा आहे. पण पैशाची अडचण, तोटा किंवा माल पडून राहणं ही अटळ कारणं धरायची नाहीत, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मग स्वस्त पडतं म्हणून उत्पादन दुसऱ्या देशात नेणं अटळ कसं ठरेल? तो धंद्याचा निर्णय आहे. मालकाला तो घेता येतो, पण त्याची किंमत चुकवून.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ या बोलीत मोजूच नका. ग्रॅच्युइटी 15,600 भागिले 26, गुणिले 15 दिवस, गुणिले 15 वर्षं, म्हणजे 1,35,000 होते आणि राजीनामा दिला तरी द्यावीच लागते. पीएफ तर तुमचाच पैसा. तुमच्याच खिशातलं काढून तुमच्याच हातावर ठेवायचं आणि उपकार केल्यासारखं दाखवायचं, असा हा प्रकार आहे.

तुमच्या पत्रातला एक तपशील मी दोनदा वाचला : पॅकिंग आणि डिस्पॅच वर्षअखेरपर्यंत चालू. कारखान्याचा एखादा भाग कायमचा बंद करणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘बंदी’ असते, त्यामुळे कंपनी तसंच म्हणेल. पण कारखाना चालू असताना माणसं कमी केली असा मुद्दा टिकला, तर ती कामगारकपात होते आणि गणित बदलतं. सगळ्यात शेवटी लागला त्याला सर्वसाधारणपणे आधी काढायचं, हा नियम लागतो. शिवाय संहितेच्या कलम 83 खालच्या पुनर्कौशल्य निधीत मालकाने माणशी 15 दिवसांचा पगार भरायचा आणि तो कपातीनंतर 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा. हा निधी फक्त कपातीसाठी आहे, बंदीसाठी नाही. म्हणून कंपनीच्या पत्रात नेमका कोणता शब्द आहे ते बघा. तोंडी सांगत असतील तर लेखी मागा.

‘टीम लीडर’ची भानगड छोटी आहे. देखरेखीचं काम करणारा आणि महिना 18,000 हून जास्त पगार घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडतो. तुम्ही दोन्ही बाजूंनी आत आहात.

आजच एक पत्र लिहा, हातानं लिहिलं तरी चालेल : ‘मला राजीनामा द्यायचा नाही. मी कामावर हजर आहे. कारखाना किंवा विभाग बंद होत असल्यास कायद्याप्रमाणे नोटीस आणि भरपाई लेखी कळवावी.’ एक प्रत कंपनीला, एक कामगार उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने. तुमच्यापैकी कुणी आधीच सही केली असेल तर दबावाखाली केली असं त्यानेही ताबडतोब कळवावं. महिने लोटल्यावर ते कुणी मानत नाही. बँकेत परस्पर पैसे जमा झाले तर परत करू नका, ‘हक्क राखून स्वीकारले’ एवढं पत्र धाडा. तडजोड झाली नाही तर वाद समेट अधिकाऱ्यापुढे न्यायचा. त्याला दोन वर्षांची मुदत आहे, पण तुम्ही दोन महिनेही थांबू नका.

कामावर जायचं, रोज जायचं. पंचिंग मशीन बंद केलं असेल तर गेटवरच्या रजिस्टरात सही मागा. तीही करू दिली नाही, तर फाटकाबाहेर उभं राहून चार जणांसह वेळ दिसेल असा फोटो काढा आणि त्याच दिवशी उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.