गावात घरगुती मसाल्याचा धंदा आहे, यंत्रासाठी पाच लाख हवेत. सरकारी योजनांचा खरंच उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही प्रश्नात दिलेली माहिती अशी: सातारा जिल्ह्यातलं गाव, दोन वर्षांपासून घरून कांदा-लसूण मसाला आणि चटण्यांची विक्री, आता मिरची कांडप, पल्व्हरायझर (मसाला बारीक दळणारं यंत्र) आणि पॅकिंग मशीन घ्यायचंय, आणि दुकानदार उधारी थकवतात. उत्तर याच गोष्टी धरून देतो.

उपयोग होतो, पण बहुतेकांचं काम क्रम चुकल्यामुळे फसतं. नातेवाइकाकडून पैसे घेऊन आधी मशीन आणतात आणि मग अनुदानाची चौकशी करतात. या सगळ्या योजना कर्जाला जोडलेल्या आहेत. बँकेचं कर्ज मंजूर व्हायच्या आधी घेतलेल्या यंत्राचं बिल कुठेच धरत नाहीत. त्यामुळे आत्ता फक्त कोटेशन घ्या, आगाऊ रक्कम देऊ नका. कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, मॉडेल, मोटरचा एचपी आणि ताशी क्षमता लिहिलेली हवी. 'मसाला मशीन सेट, ५ लाख' अशा एका ओळीच्या कोटेशनवर बँक पहिलीच शंका काढते.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळची योजना म्हणजे पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, बोलीभाषेत पीएमएफएमई. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात कृषी विभाग ती राबवतो. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख. स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात आणि जागेची किंमत खर्चात धरत नाहीत. म्हणजे यंत्रांचा खर्च ५ लाख असेल, तर तुमचे ५० हजार, बँकेचं कर्ज साडेचार लाख आणि अनुदान १ लाख ७५ हजार.

हे पावणेदोन लाख हातात मिळत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावाने वेगळे ठेवले जातात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि उद्योग चालू असला, तरच ते कर्जात वळते होतात. मधे खातं थकीत झालं तर अनुदान परत जाऊ शकतं. म्हणून 'अनुदान येईल, मग हप्ता भरू' हे गणित करू नका. अनुदानाच्या रकमेवरचं व्याज कधीपासून थांबणार, हे कर्जाच्या कागदांवर सही करतानाच शाखेत विचारून घ्या.

आता हप्त्याचा हिशोब. व्याजदर ११ टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली तर साडेचार लाखांचा हप्ता महिना ९,८०० रुपयांच्या आसपास बसतो. घरखर्चाला हात न लावता धंद्यातून हप्त्याच्या दीडपट तरी शिल्लक दिसली पाहिजे, म्हणजे साधारण १४,७०० रुपये. किलोमागे मिरची, तेल, खोबरं, वीज, पाकीट आणि मजुरी वजा जाता तुम्हाला ६० रुपये उरत असतील, तर महिन्याला २४५ किलो माल विकावा लागेल. आज तुम्ही ८० किलोवर असाल तर पॅकिंग मशीन तूर्त सोडा. कांडप आणि पल्व्हरायझरपुरतंच कर्ज घ्या आणि पाकिटं हाताने सील करा. यंत्राच्या वेगाने धंदा वाढत नाही, गिऱ्हाइकांच्या संख्येने वाढतो, हे बँकेचा अधिकारीही ओळखून असतो.

अर्जाला पैसे लागत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल करणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्यांचं काम आहे आणि त्याचं मानधन सरकार देतं. त्यांचे नंबर तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतात. 'दहा टक्के द्या, अनुदान काढून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ही योजना तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. आकडे मोहात पाडणारे आहेत. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. पण ती फक्त नव्या उद्योगाला आहे. तुमचा धंदा दोन वर्षं चालू आहे आणि तसा कागद कुठेही असेल, तर अर्ज तिथेच पडतो. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करताना धंदा सुरू झाल्याची तारीख टाकण्याआधी कोणत्या योजनेत जायचं ते ठरवा. खोटी तारीख मात्र टाकू नका. पीएमईजीपीत प्रत्यक्ष पाहणी होते आणि तुमची जुनी बिलं, यूपीआयच्या नोंदी सगळं सांगतात. एकाच यंत्रावर दोन भांडवली अनुदानंही मिळत नाहीत. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जवळपास याच साच्यातला आहे, त्याचं काम जिल्हा उद्योग केंद्रात चालतं.

मुद्रा ही अनुदानाची योजना नाही. ते तारण न देता मिळणारं साधं व्याजी कर्ज आहे: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तुम्हाला त्याचा उपयोग खेळत्या भांडवलासाठी होईल. मिरचीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, आणि वर्षाची मिरची तेव्हाच घेतली तर परवडते. तो पैसा पाच वर्षांच्या मुदत कर्जातून उचलू नका, कॅश क्रेडिट मागा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा पैसे काढायचे आणि भरायचे असं खातं. जेवढे दिवस पैसे वापराल तेवढंच व्याज लागतं. उलट कॅश क्रेडिटचे पैसे यंत्रात घातले की दिवाळीला माल भरायला खात्यात काही उरत नाही. छोटे उद्योग अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

दहा लाखांपर्यंतच्या सूक्ष्म आणि लघुउद्योग कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शाखेत जमिनीचा उतारा किंवा मुदत ठेव मागितली तर 'हे लेखी द्या' एवढंच म्हणा. अर्जाची पोच घ्या, नाकारला तर कारणही लेखी मागा. आधी बँकेकडेच तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. तिथे फी नाही. मात्र 'धंदा टिकाऊ वाटत नाही' असा व्यावसायिक निर्णय बँकेने घेतला असेल, तर लोकपाल तो सहसा बदलत नाही.

कर्ज नाकारण्याची खरी कारणं बहुधा योजनेबाहेरची असतात. पहिलं म्हणजे पैसे भलत्याच खात्यात जमा होणं. दुकानातला क्यूआर नवऱ्याच्या नावाचा, अर्ज बायकोच्या नावाचा, मग बँकेच्या लेखी तुमची विक्री शून्य. आजच स्वतःच्या नावाने खातं उघडा, क्यूआर त्याला जोडा आणि किमान सहा महिने सगळी विक्री तिथून फिरवा. दुसरं, जामीनकी. दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तुमची सही असेल आणि तो थकला असेल, तर ते तुमच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं. मायक्रोफायनान्सचे चुकलेले हप्तेही दिसतात. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो, बँकेत जायच्या आधी तो काढा. तिसरं, विवरणपत्र. कर बसत नसला तरी प्राप्तिकर विवरणपत्र भरा, दोन वर्षांची विवरणपत्रं असली की बँकेशी बोलणं सोपं जातं.

जागेचे कागदही याच वेळी बघा. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि ना हरकत दाखला लागतो. वीज विसरू नका. ५ एचपीच्या मोटरला थ्री-फेज जोडणी लागणार. घरगुती मीटरवर गिरणी चालवली आणि तपासणीत सापडली, तर वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. महावितरणच्या जोडणीचा खर्च प्रकल्प अहवालात धरलेला नसतो आणि ऐन वेळी खिशाला लागतो. अन्नपदार्थ असल्याने एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी तर हवीच, पाकिटावर तो क्रमांक छापावा लागतो. म्हणून नोंदणी होण्याआधी पाच हजार पाकिटं छापून ठेवू नका.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, नूतनीकरण लागत नाही. सरकारी वाटाव्यात अशा नावांची खासगी संकेतस्थळं याचेच हजार-दोन हजार घेतात, पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे का ते बघा. फॉर्ममध्ये तुमचा व्यवसाय 'उत्पादन' म्हणून दाखवा, 'व्यापार' नको. मसाला तुम्ही स्वतः तयार करता, तेव्हा ते खरंही आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. पुढे सांगतो ते उधारीचं संरक्षण त्यांना नाही.

तर उधारी. अनुदानाच्या मागे सगळे धावतात आणि हा कायदा कुणाला माहीत नसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ नुसार, लेखी करार नसेल तर सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं बिल १५ दिवसांत चुकतं करायचं. करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज होतं साडेसोळा. अट एवढीच की माल देण्याच्या आधी तुमची उद्यम नोंदणी झालेली असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी भांडलात तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो.

त्याला जोडून, २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात ४३बी(एच) ही तरतूद आली. खरेदीदाराने तुमचं बिल मुदतीत भरलं नाही, तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणजे त्याचा कर वाढतो. हॉटेल, केटरर, सुपरमार्केट यांच्या हिशेबनीसाला हे पक्कं माहीत असतं. फेब्रुवारीच्या शेवटी थकीत बिलांची यादी, उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि दोन ओळींचं पत्र पाठवा, मार्चअखेर बरेच पैसे सुटतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर याचा परिणाम नाही. तो बहुधा अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरतो, त्यामुळे खर्च वजा होण्या-न होण्याने त्याला फरक पडत नाही. त्याच्याकडे जुनाच उपाय चालतो: मागचं बिल आल्याशिवाय पुढचा माल नाही, आणि उधारीची कमाल मर्यादा एका खेपेपुरती.

रक्कम मोठी असेल तर लहान उद्योगांच्या थकीत बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. तो राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातो. आधी समेट, नाही जमला तर लवाद. परिषदेच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, म्हणून समोरच्याला परिषदेची भीती असते. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. चार-पाच हजारांच्या बिलासाठी हा रस्ता परवडत नाही. लाखाच्या पुढे मात्र नक्की विचार करा. त्यासाठी कागद आजपासून जमवा: प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक, तारीख, 'देय १५ दिवसांत' ही ओळ, आणि माल मिळाल्याची सही व शिक्का असलेली चलनाची प्रत. व्हॉट्सअॅपवर 'माल मिळाला' असं आलेलं उत्तरही जपून ठेवा.

बाकी थोडक्यात. बचत गटात असाल तर पीएमएफएमईतूनच गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं, त्यासाठी उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या तालुका कार्यालयात जा. जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) मोफत प्रशिक्षण होतं आणि त्याचं प्रमाणपत्र कर्जाच्या फाइलला वजन देतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा तुमच्या प्रवर्गाला लागू असेल, तर महामंडळाचं पात्रता पत्र कर्ज मंजूर होण्याआधी हातात असलं पाहिजे, आणि हप्ता वेळेवर भरलात तरच व्याज परत येतं. यातल्या केंद्राच्या अनेक योजना वित्त आयोगाच्या कालावधीला बांधलेल्या असतात. असा एक कालावधी २०२५-२६ अखेरचा आहे, तेव्हा कोटेशन गोळा करण्याआधी पोर्टल अर्ज घेतंय का आणि अटी त्याच आहेत का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.