मानवी हक्कांत डिग्री करायचीय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: बीए पॉलिटिकल सायन्सच्या लास्ट इयरला आहे. मानवी हक्कात एमए केलं तर आयोगात नोकरी लागेल का? (लातूर)

थेट नाही लागत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने झाला, तिथे तपासाचं काम पोलीस खात्यातून आलेले अधिकारी बघतात आणि लॉ डिव्हिजनला कायदेवालेच लागतात, नुसत्या एमएवाल्याला तिथे कोण विचारतंय. शिकवायचं असेल तर मात्र ठीक, जामिया, अलीगढला एमए आहे आणि नेटलाही (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) हा वेगळा विषय आहे. पण माझं ऐकशील तर आधी तीन वर्षांचं एलएलबी नाहीतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) कर आणि हे त्याला जोड म्हणून घे.

प्रश्न: नोकरी सांभाळून काही करता येईल का?

येईल की. इग्नूचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आहे, बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा डिस्टन्स पीजी डिप्लोमा आहे. फी आणि तारखा त्यांच्या साइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका.

प्रश्न: मराठी मीडियमची आहे, इंग्रजी कच्चं. या फील्डमध्ये टिकेन का?

अगं, बिनधास्त ये! निकाल वाचण्यापुरतं इंग्रजी लागतंच, ते वाचून वाचून येतं. पण तक्रार घेऊन येणारी माणसं मराठीतच बोलणार ना, आणि आयोगाकडे तक्रारही मराठीत करता येते, फी नाही. सुरुवात सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू, 1996 या निकालापासून कर. अटक केली की पोलिसांनी जागेवरच मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद करायची, त्यावर तारीख-वेळ, घरच्या किंवा गावातल्या एका साक्षीदाराची सही आणि अटक झालेल्याचीही सही, हे त्यातलंच. आता समज आई सांगतेय पोराला संध्याकाळी उचलला आणि मेमोवर वेळ आहे दुसऱ्या दिवशी सकाळची, तर मधली रात्र तो कुठे होता? हा प्रश्न त्या माउलीच्या बोलण्यातून काढणं, शेजारी कोणी बघितलं ते विचारणं, तारखा नीट लावणं, हेच खरं काम, आणि ते तिच्या भाषेत बोलणाऱ्यालाच जमतं (फाडफाड इंग्रजीवाले इथेच अडकतात, बघितलंय मी). आणि हो, घटनेला एक वर्ष उलटलं की त्याच 1993 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे आयोग चौकशी करू शकत नाही, म्हणून कोणीही आलं की आधी तारीख विचारायची.

प्रश्न: आयोगाची इंटर्नशिप खरंच मिळते का?

मिळते, उन्हाळी-हिवाळी दोन्ही असतात, ऑनलाइनही. कॉलेजचं शिफारसपत्र आधीच काढून ठेव, ऑफिसात साहेब जागेवर नसतात.